उलट्या थांब्यावर न पालटलेल्या पाठी

सुज्ञ वाचकहो, पुढील कथेत एक जुनी वाफेची आगगाडी, एक राष्ट्रीय उद्यान आणि एक गृहस्थ असे तीन विषय क्रमाने येतील. त्यांपैकी आगगाडी व उद्यान ही दोन्ही पाहण्याजोगी आहेत. गृहस्थाविषयी तसे खात्रीने सांगता येत नाही. परंतु कथा त्याचीच असल्यामुळे त्यास वगळणे शक्य झाले नाही. वाघ अथवा दरोडा यांच्या अपेक्षेने जे वाचू लागले असतील त्यांनी येथेच थांबावे. या कथेत सर्वांत भयंकर वस्तू म्हणजे काथ्या होय.

सदर गृहस्थांना घरीदारी ग्रंथराज म्हणत. हे नाव त्यांच्या साडूने ठेवले होते, आणि ते ठेवताना त्याच्या मनात आदर नव्हता, ही गोष्ट ग्रंथराजांच्या ध्यानात यावयास काही वर्षे लागली. त्यांचा व्यवसाय त्या जुन्या आगगाडीच्या कारखान्यात आसनांच्या गाद्या भरण्याचा. शाळा त्यांनी सातवीत सोडली. अथवा शाळेने त्यांना सोडले, याविषयी मतभेद आहेत. परंतु गाडीची आसने फार जुनी असून त्यांच्या पोटात काथ्याच्या खाली रद्दी पुस्तकांची पाने कोंबलेली असत. जुनी गादी उसवली की ग्रंथराज ती पाने झटकून वाचत बसत. एखाद्या आसनात प्रवचनाचा मधला भाग निघे, एखाद्यात प्रवासवर्णनाचा, एखाद्यात पशुवैद्यकाचा. आरंभ कोणाचाच नसे आणि शेवटही नसे. त्या योगाने त्यांच्या भाषेस भारदस्तपणा आला खरा, परंतु वाक्य कोठे संपवावे हे मात्र कोणत्याच पानाने त्यांना शिकवले नाही.

ही आगगाडी आता केवळ हौशी प्रवाशांसाठी चालते. पायथ्याच्या स्थानकावरून निघते, दरीच्या कडेने डोंगर चढते आणि राष्ट्रीय उद्यानाच्या दारापाशी थांबते. तेथून उद्यानाचा मार्गदर्शक प्रवाशांना पायी जंगलात नेतो व परत आणतो. गाडीत मात्र गाडीचा स्वतःचा मार्गदर्शक असतो. तो पितळी बिल्ल्याची टोपी घालून डब्याच्या पुढील टोकास उभा राहतो आणि दोन्ही बाजूंचा देखावा समजावून सांगतो. आधीचा मार्गदर्शक निवृत्त होऊन मुलीकडे राहावयास गेला, आणि टोपी गाडीचा कारभार पाहणाऱ्या मॅनेजरबाईंच्या खोलीत खुंटीवर लटकत राहिली.

त्या टोपीवर ग्रंथराजांचा डोळा होता. वरवर पाहता कारण वक्तृत्वाचे होते. खरे कारण निराळे होते. गाद्या भरण्याच्या खोलीस एकच खिडकी, आणि तीही अर्धी फळीने बुजलेली. काथ्याची व कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन त्यांना खोकला जडला होता. डॉक्टरांनी सरळ सांगितले होते की, त्या खोलीतून बाहेर पडा, नाहीतर पुढल्या वेळेस मी औषध लिहून देणार नाही, नुसती मान हलवीन. घरी येऊन ग्रंथराजांनी पत्नीस हे वृत्त असे कळविले की, वैद्यकीय मतानुसार स्थानांतर श्रेयस्कर ठरेल.

"म्हणजे काय?" पत्नीने विचारले.

"म्हणजे विशेष काही नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पत्नी स्वतःच डॉक्टरांकडे जाऊन आली. परत आल्यावर तिने चुलीवरचे दूध उतू जाऊ दिले. नंतर ती म्हणाली की, टोपी मागा, आजच मागा, आणि मागताना साध्या भाषेत मागा.

ग्रंथराजांनी साध्या भाषेत मागितली नाही, तरीही मॅनेजरबाईंनी मागणी ऐकून घेतली. त्या कामावरच्या माणसास घाईघाईने हो म्हणत नसत व नाहीही म्हणत नसत. येत्या रविवारी एक फेरी करून दाखवा, मीही डब्यात बसेन, प्रवासी खूश झाले तर टोपी तुमची, नाहीतर आपल्या गाद्या आहेतच, असे त्यांनी ठरवून दिले. छातीविषयी ग्रंथराज काही बोलले नाहीत. याचनेत शरीराचे रडगाणे आणणे त्यांना कमीपणाचे वाटले.

आता तयारीस आरंभ झाला. भाषण तर त्यांनी रचलेच, परंतु त्याचबरोबर त्यांच्या मनात आले की, ज्या डब्यात आपली परीक्षा व्हावयाची त्या डब्यातील आसने जुनीपुराणी कशी राहू द्यावीत? तेव्हा त्यांनी सर्व आसने आणि त्यांच्या पाठी उसवून नव्याने भरल्या. काथ्या नेहमीपेक्षा जास्त घातला, वर कापसाचा थर दिला, मग पुन्हा काथ्या घातला आणि दाभणाने ताणून शिवले. पत्नी जेवणाचा डबा देण्यास आली तेव्हा तिने एका पाठीवर बोट दाबून पाहिले. बोट आत गेले नाही.

"अहो, किती ठासून भरलंय," ती म्हणाली. "पोतं आहे का हे?"

ग्रंथराजांनी तिला समजावले की, प्रवाशास आधार हवा असतो. तीच गोष्ट भाषणाची. एका धबधब्यास त्यांनी इतकी विशेषणे बहाल केली होती की, तो धबधबा प्रत्यक्षात तेवढा लांब नव्हता.

येथे वाचकांस त्या मार्गाची एक खोड सांगितली पाहिजे, कारण सर्व अनर्थ तेथूनच झाला. चढ फार उभा असल्यामुळे गाडी एका जागी रुळांच्या टोकाशी जाऊन थांबते, आणि तेथून उलट दिशेने पुढला चढ चढते. त्या जागेस उलटा थांबा म्हणतात. तेथे इंजिन सुटून बाजूच्या रुळाने दुसऱ्या टोकास जाऊन जुंपले जाते. जे पुढे होते ते मागे होते. म्हणून आसनांच्या पाठी बिजागरीवर बसविलेल्या आहेत. प्रवाशांनी उठावे, पाठ हाताने लोटून दुसऱ्या कडेस न्यावी, आणि पुन्हा गाडीच्या दिशेने तोंड करून बसावे, असा तेथील जुना रिवाज. लोकांना त्यात मोठी मौज वाटते. मार्गदर्शकही तेथे डब्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकास येतो, आणि पुढील भाषणात दरी डावीकडची उजवीकडे जाते.

डावे-उजवे चुकू नये म्हणून ग्रंथराजांनी एक युक्ती केली होती. ते प्रवाशांकडे तोंड करून उभे राहणार, म्हणजे त्यांचा उजवा हात तो प्रवाशांचा डावा. सबब त्यांनी घड्याळ उजव्या मनगटास बांधले. घड्याळाचा हात म्हणजे प्रवाशांची डावी बाजू. मोकळा हात म्हणजे उजवी. युक्ती निर्दोष होती. तिच्यात एकच गोष्ट गृहीत धरली होती, ती ही की, प्रवासी आपल्याकडे तोंड करून बसलेले असतील.

रविवार उजाडला तो धुक्यात. डब्यात पंचवीस-तीस प्रवासी, शेवटल्या आसनावर मॅनेजरबाई, आणि पहिल्याच रांगेत पत्नी व सासूबाई. सासूबाईंना कोणी बोलावले होते ते शेवटपर्यंत कळले नाही. त्या म्हणाल्या की, जावयाची परीक्षा असताना घरी बसून मी काय माशा मारू? दोन्ही मुलींचे नवरे एकाच दिवशी बोलताना ऐकण्याचा योगही त्यांना साधावयाचा होता, कारण वर उद्यानात जो मार्गदर्शक प्रवाशांना नेणार होता तो म्हणजे तोच साडू, थोरल्या मुलीचा नवरा.

गाडी सुटली. ग्रंथराजांनी डोळे मिटले, कारण पाठ केलेले त्यांना डोळे मिटूनच आठवत असे, आणि घड्याळाचा हात पसरून डावीकडच्या दरीचे वर्णन आरंभले. दरी अथांग असल्याचे त्यांनी सांगितले. तिच्या तळाशी रुपेरी सरिता वाहत असल्याचे सांगितले. प्रवासी काचेस नाक लावून बसले होते. बाहेर पांढऱ्या भिंतीखेरीज काही नव्हते.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "मला सगळं पांढरं दिसतंय. हा माझा मोतीबिंदू की तुमची सरिता?"

डबा हसला, परंतु ते हसू खेळकर होते, आणि ग्रंथराजांनी ते प्रोत्साहन समजून घेतले. आपल्याविषयीच्या प्रत्येक हास्यास प्रोत्साहन समजण्याची कला त्यांना लहानपणापासून अवगत होती.

उलटा थांबा आला. इंजिन सुटून धुक्यात दिसेनासे झाले. ग्रंथराजांनी गंभीर स्वरात विनंती केली की, सर्वांनी उठून आपापल्या आसनाची पाठ पालटावी. सर्व उठले. सर्वांनी लोटले. आणि एकही पाठ हलली नाही.

अधिक अचूक लिहावयाचे तर काही हलल्या. परंतु मध्यावर येऊन त्या सरळ उभ्या राहिल्या, कारण फुगलेली पाठ फुगलेल्या बैठकीस जाऊन भिडली आणि दोघींपैकी कोणी मागे सरेना. गाद्यांवर बसून पाहिले होते, त्या दाबून पाहिल्या होत्या, हात फिरवून पाहिल्या होत्या. पालटून मात्र एकही पाहिली नव्हती. कारखान्यात डबा जागेवर उभा असतो, तेथे पालटण्याचा प्रसंग कोणास येणार? एका धिप्पाड प्रवाशाने खांदा लावून जोर केला, तेव्हा शिवण फाटली आणि काथ्याच्या धुळीचा एक लोट ग्रंथराजांच्या तोंडावर आला. ते खोकू लागले. पत्नी उठून उभी राहिली. त्यांनी तिला हाताने बसण्याची खूण केली.

शेवटी मध्यावर अडकलेल्या पाठी ओढून पूर्वीच्या जागी नेल्या गेल्या, आणि सर्व जण होते तसेच, गाडीच्या दिशेकडे पाठ करून बसले. तोवर इंजिन जुंपले गेले. ग्रंथराज गोंधळले होते. गोंधळलेला मनुष्य जे करतो तेच त्यांनी केले, म्हणजे ठरलेले केले. ते डब्याच्या दुसऱ्या टोकास जाऊन उभे राहिले. आता त्यांच्यासमोर प्रवाशांची तोंडे नसून मानगुटे होती. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आपल्या उजव्या हातास," त्यांनी सांगितले आणि मोकळा हात पसरला, "आता तो धबधबा येईल, ज्याचे वर्णन करावयास वाणी अपुरी आहे."

वाणी अपुरी पडली नाही. तिचा ओघ बराच वेळ चालला. धबधब्याच्या शुभ्रतेपासून त्याच्या गांभीर्यापर्यंत ते आले, तेव्हा धुके विरले. डब्यातील सर्व मंडळी आपल्या उजवीकडे एकाग्रतेने पाहत होती. काचेच्या पलीकडे हातभर अंतरावर कापलेला काळा खडक होता, आणि त्यातून पाणी जाण्यासाठी बसविलेला एक गंजलेला नळ. धबधबा सर्वांच्या डाव्या अंगास, कोणीही पाहत नसताना, मोठ्या डौलाने कोसळत मागे पडत होता.

"जावईबापू," पहिल्या रांगेतून, म्हणजे आता सर्वांत लांबून, आवाज आला, "यापेक्षा आमच्या मोरीचा नळ मोठा आहे."

या वेळचे हास्य प्रोत्साहनाचे नव्हते, हे ग्रंथराजांसही कळले. त्यांनी डोळे उघडले, खडक पाहिला, धबधबा पाहिला, मनगटावरचे घड्याळ पाहिले. मॅनेजरबाई आता त्यांच्या अगदी जवळ बसल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. त्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या, आणि हेच अधिक वाईट होते. ग्रंथराजांनी पुढचे वाक्य बोलण्यास तोंड उघडले, तेव्हा खोकल्याची उबळ आली, ती उद्यानाचे स्थानक येईपर्यंत थांबली नाही.

स्थानकावर साडू हिरव्या गणवेशात उभा होता. सासूबाईंच्या गुडघ्यांस जंगल मानवणारे नव्हते, म्हणून त्या, पत्नी आणि मॅनेजरबाई गाडीपाशीच थांबल्या. बाकी मंडळी निघाली, आणि नियमाप्रमाणे गाडीचा मार्गदर्शक त्यांच्या शेवटी चालू लागला.

साडूच्या कामाची रीत अगदी निराळी होती. जंगलात बोलावयाचे नाही. तो बोटाने दाखवी आणि लोक पाहत. चिखलातील खूर दाखविला, झाडावर घासलेली साल दाखविली. ग्रंथराजांना त्या सालीवर निदान तीन वाक्ये सुचली होती, ती त्यांनी गिळली. मग पाणवठ्याच्या काठी लाकडी खोपीत सर्वांना बसविण्यात आले. खोपीच्या फळ्यांत पाहण्यापुरत्या फटी होत्या. हरणांचा कळप येथे पाण्यावर येतो. हे ग्रंथराजांनी भाषणात लिहिलेच होते, तथापि प्रत्यक्ष कळप त्यांनी आजवर पाहिला नव्हता. रविवारी लोक हरणे पाहत आणि ते गाद्या भरीत.

बराच वेळ गेला. मग पलीकडच्या गवतात काही हलले. साडूने बोट वर केले. सर्वांचे श्वास थांबले, आणि त्याच क्षणी ग्रंथराजांच्या छातीत ती ओळखीची खाज सुटली.

साडूने वळून पाहिले. त्या पाहण्यात आज थट्टा नव्हती. मागील दार त्याने नजरेनेच दाखविले. ग्रंथराज रांगत रांगत दाराबाहेर पडले, कोटाची बाही तोंडात कोंबून वाटेने धावले, आणि गाडी दिसू लागेपर्यंत त्यांनी खोकला अडवून धरला. ज्या कळपाचे त्यांनी इतके सुंदर वर्णन केले होते त्याचे त्यांना दर्शन झाले ते एवढेच: खोपीच्या मागच्या भिंतीचे चार खिळे.

गाडीच्या आडोशास उभे राहून ते मनसोक्त खोकले. दम परत येत असता डब्याच्या खिडकीतून पत्नीचा आवाज त्यांच्या कानी पडला. ती मॅनेजरबाईंशी बोलत होती.

"त्यांना टोपी देऊ नका हवं तर," ती म्हणत होती. "मी तेवढ्यासाठी नाही आले. तिकिटं फाडायला ठेवा, फलाट झाडायला ठेवा. पण त्या खोलीत परत पाठवू नका, बाई. डॉक्टर म्हणालेत, तिथे ते टिकायचे नाहीत."

 मॅनेजरबाईंनी विचारले की, हे मला त्यांनी स्वतः का नाही सांगितले?

"त्यांना सांगता येत नाही," पत्नी म्हणाली. "मलाही नाही सांगितलं."

ग्रंथराज चाकाला टेकून उभे होते. त्यांनी कधीही न पाहिलेल्या कळपास पानभर शब्द दिले होते, दगडातल्या नळासमोर धबधब्याचे गांभीर्य वर्णिले होते. आणि जे स्वतःच्या छातीत रोज घरघरत होते त्यासाठी त्यांच्यापाशी दोन शब्द निघाले नव्हते. त्यांना आपली फार लाज वाटली. लाज वाटली की ते साधारणतः एखादे सुभाषित आठवीत. आज एकही आठवले नाही.

ते डब्यात शिरले. मॅनेजरबाईंसमोर उभे राहून त्यांनी म्हटले, "बाई, माझी छाती खराब झाली आहे. मला ती खोली नको."

त्यांच्या आयुष्यातील ते सर्वांत आखूड भाषण होय. मॅनेजरबाई म्हणाल्या की, खोलीचे मी पाहते, ती आजपासून बंद. टोपीविषयी त्या काही बोलल्या नाहीत. परत जाताना लोकांना पुन्हा उलटे बसवणार का, एवढेच त्यांनी विचारले.

तेव्हा ग्रंथराजांनी खिशातला चाकू काढला. पत्नीने तो त्यांच्या हातून घेतला, ओला रुमाल त्यांच्या नाकातोंडाला बांधला, आणि त्यांना खिडकीबाहेर फलाटावर उभे केले. कोणती शिवण कोठे उसवायची ते त्यांनी बाहेरून सांगावे, आणि तिने आत उसवून मुठीमुठीने काथ्या काढावा, असे काम चालले. सासूबाई तो काथ्या पोत्यात भरीत होत्या आणि प्रत्येक मुठीस म्हणत होत्या, "अजून आहे? अगं बाई, अजून आहे?" पोटे रिकामी होता होता पाठी हलू लागल्या. टाके घालण्यास सुतळी पुरली नाही, तेव्हा काही आसने तशीच हसल्यासारखी उघडी राहिली.

मंडळी जंगलातून परतली ती आनंदात. कळप आला होता, पाणी प्याला होता, एक पाडस तर खोपीच्या अगदी जवळ आले होते. साडूने ग्रंथराजांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ग्रंथराज," तो म्हणाला, "आज कळप इतका वेळ थांबला. का, ठाऊक आहे? गाडीचा गाईड काही बोलला नाही म्हणून."

नंतर तो बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला की, तू खोकला दाबून पळालास ते मी पाहिले, मला जमले नसते.

परतीच्या वाटेवर आकाश निवळले होते. ग्रंथराज प्रवाशांच्या समोर उभे होते, डोळे उघडे ठेवून. धबधब्याच्या बऱ्याच आधी त्यांनी घड्याळाचा हात लांब केला आणि "पाहा" म्हटले. लोकांनी पाहिले. धबधबा खरोखरच शुभ्र होता. ग्रंथराजांनाही ते प्रथमच कळले, कारण आजवर ते पानावरच पाहत होते. उलट्या थांब्यावर सर्वांनी एकदम पाठी लोटल्या, त्या धडाधड पालटल्या, आणि डबाभर टाळ्या पडल्या. त्या टाळ्या बिजागऱ्यांसाठी होत्या, ही नोंद प्रामाणिकपणे करणे आवश्यक आहे.

पायथ्यास उतरल्यावर मॅनेजरबाईंनी त्यांना खोलीत बोलावले आणि खुंटीवरून टोपी काढून दिली. "जाताना जेवढं बोललात तेवढं नको," त्या म्हणाल्या. "येताना जेवढं बोललात तेवढं चालेल. गाद्या बाहेरून भरून घेऊ."

टोपी थोडी सैल झाली. आत कागद घालावा असे ग्रंथराजांच्या मनात आले होते, परंतु पत्नीने त्यांच्याकडे नुसते पाहिले आणि तो विचार मागे पडला.

भाषण आता खूपच आखूड झाले आहे, असे ग्रंथराजांचे मत आहे. साडूचे मत तसे नाही. काढलेला काथ्या सासूबाईंनी घरी नेला आणि त्याची एक उशी शिवून घेतली. झोप कशी लागते असे कोणी विचारले तर त्या सांगतात, "लगेच. जावई बोलायला लागल्यावर लागते ना, तशी."

वाचकहो, ज्या गृहस्थाची ही हकीगत आपण येथवर वाचली, तोच ही लिहीत बसला आहे, हे आपण केव्हाच ओळखले असेल. मध्यावर अडकून उभे न राहता आपण शेवटापर्यंत पाने पालटत आलात, याबद्दल टोपी काढून आपले आभार मानतो.

आपला,
ग्रंथराज